नदीकडचं दार

तात्या नेहमी रस्त्याकडे पाठ करून बसत. इंदापूर तालुक्यातल्या कळसला त्यांचं घर डांबरी रस्त्याला अगदी लागून होतं. घराच्या अंगाला लिंबाखाली त्यांची बाज असे. दिवसभर एसटी, ट्रॅक्टर, दुधाचे टेम्पो जात-येत आणि जाणारा प्रत्येक जण "राम राम तात्या" अशी हाक घालून जाई. तात्या मान वळवत नसत. आवाजावरून माणूस ओळखत, आणि हमखास चुकीचा ओळखत. "कोन, भिवा का? म्हस व्याली का रं?" असं विचारत. हाक घालणारा पणदऱ्याकडचा टेम्पोवाला असला तरी तोही बिचारा "व्याली की" म्हणून पुढे जाई. भिवाची म्हैस त्या एका उन्हाळ्यात किती वेळा व्याली, याचा हिशेब खुद्द भिवालाही लागला नसता.

खरं तर पाठ तात्यांची नव्हे, घराचीच रस्त्याकडे होती. मोठी कोरीव चौकट, गणेशपट्टी, बसायचा दगडी ओटा हा सगळा थाट उत्तरेला, उसाच्या फडाकडे तोंड करून. तिकडून एक कुत्रं सोडलं तर कुणी येत नसे. रस्त्याच्या बाजूला होतं ते स्वयंपाकघराचं बुटकं दार. त्यामुळे आमदार आला तरी त्याला वाकून, चुलीला वळसा घालून घरात शिरावं लागे. तात्यांची सून सुमन या प्रकाराला कंटाळून गेली होती. "ताई, पावनं आलं की पैल्यांदा माझी खरकटी भांडी बघत्यात, मग देव बघत्यात," असं तिनं मला पहिल्याच दिवशी सांगितलं. गावात तात्यांना 'उलट्या घराचे तात्या' म्हणत, आणि हे नाव तात्यांना ठाऊक होतं.

मी तिथे गेले ती याच घरापायी. नव्वद सालानंतर त्या रस्त्याच्या कडेला जमिनीचे भाव वाढू लागले होते आणि तात्यांच्या मुलाच्या, दत्तूच्या डोक्यात मंगल कार्यालय शिरलं होतं. घर पाडायचं, कार्यालय रस्त्यावर बांधायचं आणि मागे स्लॅबचा बंगला. तात्या धड होही म्हणेनात आणि नाहीही म्हणेनात. मग गावातल्या शाळेचे एक गुरुजी मधे पडले. पुण्यात जुनी घरं जपणारी एक संस्था आहे, तिची माणसं येऊन घर बघतील. घर जुनं, मोलाचं ठरलं तर संस्था डागडुजीला मदत करेल, नाही ठरलं तर दत्तूनं खुशाल पाडावं, असं ठरलं. बापलेक दोघांनीही मान डोलावली. त्या संस्थेची 'माणसं' म्हणजे मी एकटी होते. आर्किटेक्चरची पदवी नवी कोरी, हातात टेप, आणि जगातलं कुठलंही घर बघून त्याचं वय सांगता येतं अशी पक्की समजूत.

"तात्या, घर किती जुनं आहे?" मी विचारलं.

"लाकूड पनजाचं हाय. भिती दत्तूपरीस वरीसभरानं ल्हान हायती."

"म्हणजे घर जुनं की नवं?"

"जुनं बी हाय आन नवं बी हाय," तात्या म्हणाले. "तेच तर तुमाला इचारायला बलवलंय."

हळूहळू उलगडा झाला. तात्यांचं मूळ गाव भीमेच्या काठावर होतं. उजनीचं धरण झालं आणि गाव पाण्याखाली गेलं. पाणी चढण्याआधी तात्यांनी घर उतरवलं. चौकटी, खांब, तुळया, फळ्या, सगळं बैलगाड्यांवर घालून कळसला आणलं आणि नव्या भिंती उभ्या करून त्यावर तसंच्या तसं चढवलं. आता याला काय म्हणायचं? आमच्या कॉलेजात शिकवलं होतं की घर आणि त्याची जागा वेगळी काढता येत नाही. इथे तर घर बैलगाडीत बसून आलं होतं. मी टेप गुंडाळून ठेवला आणि चहा मागितला.

तुळयांच्या टोकांवर मला बारीक खाचा दिसल्या. कुठे एक चीर, कुठे दोन, कुठे तिरपी. ही जुन्या सुतारांच्या घराण्याची खूण असणार असं मी मोठ्या हौसेनं टिपून घेतलं. तात्यांना दाखवलं तर ते हसायलाच लागले. त्यांच्या आजोबांपर्यंत घरात मेंढरं होती, पुढे पाटपाणी आलं, ऊस आला आणि कळप मोडला. पण सवय गेली नव्हती. घर उतरवताना तुळया ओळखायच्या कशा, तर मेंढरांच्या कानाला चीर देतात तशी चीर देऊन. आणि नुसती चीरच नाही, नावंसुद्धा. माजघरावरची ती म्होरकी, तिच्या शेजारची काळी, वाळवी लागलेली ती लंगडी. "सांजच्याला कळप वाड्यात घेताना मोजत्यात व्हय? त्वांड बघून कळतंय कोन आलं न्हाय ते," तात्या म्हणाले. मी खुश झाले. दुसऱ्या दिवशी खात्री करायला म्हणून पुन्हा विचारलं, तर काल जी काळी होती ती आज बांडी झाली होती आणि लंगडी थेट देवघरावर जाऊन बसली होती. "आसं कसं तात्या?" म्हटलं, तर म्हणाले, "मेंढरं एका जागी उभी ऱ्हात्यात का?" माझ्या वहीतलं ते पान अजून खाडाखोडीनं भरलेलं आहे.

पण मला सगळ्यात गोंधळात टाकलं ते दारानं. समोर हमरस्ता असताना माणूस घराचं तोंड उसाकडे का करतो? तात्यांचं उत्तर मात्र इथे एकदाही बदललं नाही. "जुन्या गावात घराचं त्वांड नदीकडं व्हतं. मग हितं बी नदीकडंच." नदी तिथून कोसभर नव्हे, कितीतरी कोस लांब, आणि दिसायची तर बातच सोडा. तरी तात्या रोज सकाळी उठून पहिल्यांदा ते मोठं दार उघडत, उंबऱ्यावर उभे राहून उसाकडे बघत, आणि कुणाला तरी ऐकू जाईल इतक्याच आवाजात पाण्याचा अंदाज सांगत. "आज चढलंय," म्हणत. नाहीतर "वसरतंय." दत्तू हसत असे. "मॅडम, ह्ये बी लिवा तुमच्या रिपोर्टात," म्हणत असे. मला ते दृश्य बघून हसू येई आणि लगेच त्या हसण्याची लाज वाटे. त्यातलं खरं कुठलं ते मला ठरवता येत नसे.

एके दिवशी मी टेप धरून उभी असताना तात्या जवळ आले. "बाई, येक इचारू? घर नवं निघालं तर मला पुन्यांदा घर सोडावं लागंल, व्हय ना?" मी हो म्हटलं. "आन जुनं निघालं तर पोराचं कार्यालय बुडंल." मी त्यालाही हो म्हटलं. तात्यांनी माझ्या हातातल्या टेपाचं टोक बोटांत धरून पाहिलं. "मग नीट मापा," म्हणाले आणि बाजेवर जाऊन बसले. त्या दिवशी मला काही मापता आलं नाही.

पुण्याला फोन केला की संस्थेतले आमचे सर एकच वाक्य म्हणत, "घर जुनं की नवं, एवढंच कळव." मी म्हणायची, "सर, बघते." काय बघते ते मलाही माहीत नव्हतं. शेवटी मला वाटलं की मूळ जागा एकदा बघावी. मे महिना होता, धरणाचं पाणी खूप मागे हटलं होतं. अशा दिवसांत बुडालेली गावं थोडी वर येतात. दत्तूनं जीप काढली. तात्यांनी धुतलेलं धोतर नेसलं, नवा पटका बांधला. कुणाच्या तरी लग्नाला निघाल्यासारखे ते पुढच्या सीटवर बसले.

गाळाला भेगा पडल्या होत्या. शिंपले पायाखाली करकरत होते. देवळाच्या पायऱ्या, एक पडकी विहीर, आणि मग ओळीनं घरांची जोती. तात्यांनी क्षणभरही न चुकता आपलं जोतं दाखवलं. मी टेप लावला, मापं कळसच्या घराशी जुळत होती. इतका आनंद झाला मला! मग मी पायऱ्या शोधायला नदीच्या बाजूला गेले. तिथे पायऱ्या नव्हत्या. ओटाही नव्हता. एक अरुंद दाराची जागा होती आणि तिच्या आतल्या अंगाला चुलीचा काळा पडलेला दगड. ओट्याचा पाया आणि पायऱ्या होत्या त्या पलीकडच्या बाजूला, गावातल्या गल्लीकडे.

मी टेप गुंडाळू लागले. पण दत्तूच्याही ते ध्यानात आलं होतं. "तात्या," तो म्हणाला, "आवो, घराचं त्वांड तर गल्लीकडं व्हतं! आपुन उलटंच बशिवलं की!"

तात्यांनी जोत्याला एक फेरी मारली. मग दुसरी मारली. नंतर चुलीच्या दगडाशी उकिडवे बसले. "मी ल्हानपनापासनं मागल्या दारानंच जायचो," ते म्हणाले. "गुरं पान्यावर न्यायची, पवाय जायचं, समदं मागल्या दारानं. म्होरनं यायचं ते पावनं आन तलाठी. मला त्ये दार कंदी ध्यानातच ऱ्हायलं न्हाय." त्यांनी दगडावरची माती हातानं पुसली. "घर बशिवताना तुजी आय म्हनली व्हती दत्तू. आवो, दार चुकतंय म्हनली व्हती. म्या म्हनलं, तुला काय कळतंय."

दत्तूची आई जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती. कळसच्या घरात ती पुढच्या आयुष्यभर रस्त्याकडच्या चुलीपाशी पाहुण्यांच्या पायांत स्वयंपाक करत राहिली, आणि तिनं पुन्हा कधी तो विषय काढला नाही, असं दत्तूनं मला परत येताना सांगितलं. तात्या पुढे बसून काचेतून बघत होते. त्यांना ऐकू जात होतं की नाही कोण जाणे.

माझी अवस्था आता फारच बिकट झाली. लाकूड जुनं, भिंती नव्या, जागा दुसरी, तोंड उलटं, आणि त्या उलट्या तोंडालाच जुनं समजून एक माणूस रोज सकाळी दार उघडत आलेला. मी रिपोर्टात हे सगळं लिहिलं आणि शेवटी लिहिलं की हे घर जुनं की नवं हे मला सांगता येत नाही, पण ते पाडू नये असं मला वाटतं. सरांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. "वाटतं हा निकष नाही," म्हणाले. मूळ जागेवर नाही, मूळ रचना नाही, सबब मदतीस पात्र नाही, असा निकाल झाला. कागदावर तो बरोबरच होता. मला मात्र त्या दिवशी सरांचा फार राग आला आणि त्याहून जास्त स्वतःचा, कारण त्यांना उलटून सांगण्यासारखं माझ्याकडे काहीच नव्हतं.

निकाल सांगायला मी स्वतः गेले. तात्या लिंबाखाली बसले होते. मी "तात्या" अशी हाक मारली, तर मागे न बघता म्हणाले, "कोन, टेपवाल्या बाई का?" त्यांनी आवाजावरून बरोबर ओळखलेलं मी पहिलंच माणूस असेन. मी सगळं सांगितलं. वाटलं होतं की खचतील. ते म्हणाले, "बरं झालं. आता उतरवायचंच हाय तर उतरवू. दत्तूला म्हनावं लाकूड इकू नगं. फुडं कुठंतरी पुन्यांदा बशिवल आन ह्या टायमाला सरळ बशिवल. तिच्या मनासारखं."

घर उतरवलं तेव्हा मी मुद्दाम रजा काढून गेले. तात्या बाजेवरून ओरडून नावं सांगत होते, "ती म्होरकी हाय, सांभाळून!" आणि मी खडूनं ती तुळयांवर लिहीत होते. दोन तुळयांना एकच नाव पडलं, एकीला दोन पडली. कुणी दुरुस्त केलं नाही. सगळं लाकूड गोठ्यामागे पत्र्याखाली रचलं गेलं. त्याच हिवाळ्यात तात्या गेले. मला दत्तूचा फोन आला तेव्हा मी कुठल्या तरी बँकेच्या इमारतीचे नकाशे काढत होते. काम बाजूला सारून मी वहीतलं ते खाडाखोडीचं पान काढलं.

चार-पाच वर्षांनी इंदापूरला एका कामासाठी गेले होते, तेव्हा वाट वाकडी करून कळसला गेले. रस्त्यावर मंगल कार्यालय झोकात उभं होतं. मागे दत्तूनं घर बांधलं होतं. स्लॅबचा बंगला नव्हे, त्या जुन्या लाकडांचं. मी कार्यालयाला वळसा घालून गेले, तर समोर आलं स्वयंपाकघराचं बुटकं दार. आत सुमन कपाळाला हात लावून हसत उभी होती. "या ताई, पुन्यांदा चुलीपाशीच या," म्हणाली.

आत गेले. कोरीव चौकट उत्तरेला होती, उसाकडे तोंड करून.

"दत्तू," मी म्हटलं, "तात्या सरळ बसवायचं म्हणाले होते ना? तुम्ही स्वतः जोतं पाहिलंत."

दत्तूनं मोठं दार उघडलं. बाहेर उसाची पाती वाऱ्यानं सळसळत होती. तो उंबऱ्यावर उभा राहिला.

"म्हनलं व्हतं की," तो म्हणाला. "दोन दिस चौकट रस्त्याकडं लावून बी बगितली. पर मॅडम, त्ये आमचं घरच वाटंना. तात्यांचं जुनं घर तात्यांनी बगितलं. मी तर हेच बगितलंय."

मग उसाकडे बघत त्यानं विचारलं, "चढलंय न्हाय आज?"

"हो," मी म्हटलं, "चढलंय."