सराफ्यातली शेवटची पायरी

इंदूरच्या सराफ्यात रात्री सोन्याची दुकानं बंद झाली की त्यांच्याच पायऱ्यांवर खाण्याचे ठेले लागतात. त्या रात्री एक दुकान उघडंच होतं. आत एक आई लेकीसाठी मंगळसूत्र निवडत होती. बाहेर तळलेला गराडू, म्हणजे कोनफळासारखा कंद, विकणारे काका कढई घेऊन ताटकळले होते. त्यांचं गिऱ्हाईक शेजाऱ्यांकडे वळत होतं.

"काका, आत हाक मारा की," मी म्हणालो.

"नको. गराडू लोक रोज खातात. हे ती एकदाच घेणार."

मला भूक लागली होती, तरी हे थांबणं मला इथल्या जेवणाचाच भाग वाटू लागलं.

अखेर मायलेकी बाहेर आल्या.

"ठरलं का, ताई?" काकांनी आईला विचारलं.

"नाही हो. उद्या परत येऊ."

काकांनी पायरी पुसली, शेगडी पेटवली.

"या. फक्त जरा लवकर या."