तेल न पिणारी मूठ

गेल्या वर्षीच्या खंडेनवमीला व्हिडिओ कॉलवर तुम्ही दोघांनी जे पाहिलं, त्याबद्दल तुमच्या आईने मला नंतर हळूच विचारलं, "आई, मुलं घाबरलीत. आबांच्या हातातून खरंच बंदूक पडली का?"

पडली. ती बंदूक नव्हती, रिव्हॉल्वर होतं, आणि त्यात गोळी नव्हती. घरात गोळी नाहीच, कित्येक वर्षांत नाही. तिकडे तुमच्या शाळेत, कुणी बंदूक घेऊन शिरलं तर म्हणून, दारं लावून बाकाखाली बसायचा सराव घेतात हे मला माहीत आहे, म्हणून हे सगळ्यांत आधी लिहिते. बाकीचं क्रमाने सांगते. मला क्रमाने सांगायची सवय आहे. पण ही हकीकत क्रमाने लावली तरी तिचा अर्थ मला लागत नाही, हेही आधीच सांगून ठेवते.

तुमच्या आबांची लातूरच्या बाजारात आडत होती. शेतकरी तूर, हरभरा, करडई आणत, आबा ते विकून देत आणि संध्याकाळी रोकड घेऊन घरी येत. रस्ता तेव्हा सुनसान होता. म्हणून त्यांनी परवाना काढून रिव्हॉल्वर घेतलं. त्यांनी ते कुणावर कधी रोखलं नाही. एकदा औशाच्या मित्राच्या शेतात बाभळीला मडकं टांगून नेम धरला होता. ते मित्र अजून सांगतात, "वहिनी, मडकं अजून तिथंच हाय. त्याचे नातू झाले!"

त्या रिव्हॉल्वरची मूठ शिसवी लाकडाची होती. दोन्ही बाजूंना एकेक पट्टी आणि मधून आरपार एक स्क्रू. आणलं तेव्हा ती तपकिरी होती, नंतर काळी झाली. आबांचा अंगठा जिथे टेकायचा तिथे खळगा पडला होता.

माझ्या माहेरी, हैदराबादला, नवमीला पाटावर पुस्तकं मांडत. मी इंग्रजी शाळेत शिकलेली. लग्नानंतर पहिल्या खंडेनवमीला पाटावर तराजू, विळा आणि शेजारी रिव्हॉल्वर पाहिलं तेव्हा मला वाटलं, हे कुणीतरी चुकून विसरून गेलं आहे. उचलून आत ठेवायला गेले तर सासूबाई म्हणाल्या, "असू दे गं. ते बी घरचंच हाय."

आमच्या घरची रीत अशी. अष्टमीच्या संध्याकाळी आबा वाटीत करडईचं तेल घेऊन बसत आणि अंगठ्याने मुठीत जिरवत. "मूठ तेल पिती," म्हणत. सकाळपर्यंत ती कोरडी होई. नवमीला मी तीन बोटांनी विभूतीचे आडवे पट्टे ओढायची: तराजूवर, विळ्यावर, माझ्या कात्रीवर आणि त्या मुठीवर. आरती झाली की घरच्या कर्त्याने हत्यार उजव्या हाताने एकदा उचलायचं, त्याची गोळ्या भरायची चकरी उघडून ते रिकामं आहे हे सगळ्यांना दाखवायचं आणि परत ठेवायचं. मग दसऱ्याच्या सकाळपर्यंत पाटाला कुणी हात लावायचा नाही. चकरी उघडून दाखवायची भर माझी आहे. सासूबाईंनी ती कशी काय मान्य केली, मला कळलेलं नाही.

मग आबांना लकवा झाला. तोंड सावरलं, पाय सावरला, उजवा हात मात्र अर्धाच परत आला. बोटं मिटत, पण पूर्ण मिटत नसत. व्यायाम शिकवायला एक मुलगी येई. तिने मऊ चेंडू दिला आणि तो दिवसभर दाबत राहायला सांगितलं. आबांनी तो कपाटावर टाकला. "मी काय लेकरू हाय का, चेंडू खेळत बसायला?"

तुमचे बाबा तिकडून फोनवर म्हणाले, "आबा, आता ते परत करून टाका. धरताही येत नाही, मग कशाला?"

आबा म्हणाले, "नवमीला एका हातानं उचललं तर ठेवीन. न्हाई उचललं तर जमा करीन. शब्द."

एवढीच गोष्ट पणाला लागली होती. ऐकायला लहान आहे. पण आडत गेली, स्कूटर गेली, सह्यासुद्धा आता डाव्या हाताने वेड्यावाकड्या. आता हेही गेलं तर उरलं काय, असं ते म्हणाले नाहीत. पण मी त्यांच्याबरोबर इतकी वर्षं राहिले आहे. न बोललेलंही मला ऐकू येतं.

त्यांनी करून पाहिलं. लाकडी मूठ बारीक आणि वर्षानुवर्षं घासून काचेसारखी गुळगुळीत झालेली. त्यांच्या अर्ध्या मिटलेल्या बोटांतून ती निसटायची. मी खाली उशी धरून उभी राही.

तेव्हा तुमचे आतोबा मध्ये पडले. ते नांदेडला विष्णुपुरीजवळ राहतात आणि इंजिनिअर आहेत, त्यामुळे त्यांना प्रत्येक गोष्टीवर उपाय दिसतो. ते म्हणाले, "मामा, दोष हाताचा नाही, मुठीचा आहे. आता रबरी मुठी मिळतात. जाड असतात, बोटांना खाचा असतात, घामातही सरकत नाहीत. नांदेडला या, बसवून घेऊ."

मी तेव्हा इंग्रजीतून वाचून काढायचं ठरवलं. मला वाटलं, शंकेचं निरसन होईल. तिकडच्या लोकांनी या विषयावर केवढं लिहून ठेवलं आहे! एक जण म्हणतो, रबराने गोळी सुटतानाचा धक्का कमी लागतो. दुसरा म्हणतो, रबर कोटाच्या अस्तराला अडकतं, लाकूड अलगद बाहेर येतं. तिसरा म्हणतो, लाकूड बघायला आणि रबर मारायला. चौथ्याने लिहिलं होतं की लाकडी मूठ ज्याला आवडत नाही त्याच्याशी आपण जेवायलाही बसणार नाही. सगळेच अगदी ठाम. मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. ज्याला मारायचं कुणालाच नाही, फक्त वर्षातून एकदा उचलून खाली ठेवायचं आहे, त्याने कोणती मूठ घ्यावी हे कुणीच लिहिलं नव्हतं.

परवाना बरोबर घेऊन आम्ही नांदेडला गेलो. दुकानदार आबांच्याच वयाचे. त्यांनी रिव्हॉल्वर हातात घेतलं आणि अंगठा नेमका त्या खळग्यात ठेवला.

"साहेब, ही मूठ काढू नका," ते म्हणाले.

"रबरी कशी असते?" आबांनी विचारलं.

"एक नंबर. मीच विकतो ना."

"मग काढू नका का म्हणता?"

"लाकूड म्हणजे शान, रबर म्हणजे आराम. तुम्हाला काय पाहिजे?"

"दोन्ही पाहिजे."

"मग नवा हात आणा!"

मला राग आला. आजारी माणसाला असं बोलायचं? पण आबा हसले. लकव्यानंतर इतके मोकळे हसलेले मी प्रथमच पाहिले. मी दुकानदारांना विचारलं, "तुमच्या स्वतःच्या हत्याराला कोणती आहे?"

"लाकडी," ते म्हणाले, आणि रबरी मुठीची डबी आमच्यापुढे ठेवली.

रबरी मूठ बसली. काळी, जाड, सायकलच्या हँडलसारखी. आबांनी उजव्या हाताने धरली, उचलली, आणि हात खांद्यापर्यंत वर नेला. पडली नाही. आतोबांनी माझ्याकडे असं पाहिलं जणू पूल बांधून झाला. जुन्या दोन पट्ट्या मी रुमालात गुंडाळून पर्समध्ये ठेवल्या. परतताना गाडीत मला काय वाटत होतं ते नीट सांगता येत नाही. ते हत्यार घरातून जावं अशी माझी किती वर्षांची इच्छा होती! आणि ते राहणार म्हणून आबा आनंदात होते, तर मीही आनंदात होते. दोन्ही एकदम कसं असू शकतं, मला माहीत नाही.

अष्टमीची संध्याकाळ आली. मी स्वयंपाकघरात होते. आबा नेहमीच्या जागी बसले, वाटीत करडईचं तेल घेतलं आणि अंगठ्याने मुठीत जिरवू लागले. रीत होती ती. मी येताजाता पाहिलं, सणाला आलेल्या आतोबांनी पाहिलं, तुमच्या आत्यानेही पाहिलं. कुणाच्याच डोक्यात काही आलं नाही. दरवर्षी हे होतं, याही वर्षी होत होतं.

सकाळी पूजा मांडली. मुठीवर विभूती ओढताना मला जरा विचित्र वाटलं. लाकडावर ती मुरून पुसट व्हायची. इथे ती नुसतीच वर तरंगत राहिली, बोटाबरोबर घसरली आणि राखाडी चिखल झाला. मला वाटलं, विभूतीत पाणी जास्त झालं.

तुम्ही कॉलवर आलात तेव्हा आरती संपत आली होती. पुढचं तुम्ही पाहिलंच. आबांनी उजवा हात पुढे केला, बोटं खाचांत बसवली आणि उचललं. वीतभर वर गेलं असेल. मग साबणाची वडी निसटावी तसं ते हातातून सुटलं आणि तराजूच्या पारड्यात पडलं. पारडं घंटेसारखं वाजलं. तुमच्यापैकी कुणीतरी तिकडे किंचाळलं. तुमच्या बाबांनी कॉल बंद केला.

इकडे आबांनी बोटं एकमेकांवर चोळली, नाकाशी नेली. करडईचा वास.

"रबर तेल पिईना की गं," ते म्हणाले.

आतोबांनी कपाळावर हात मारला. "मामा, चूक तेलाची आहे! पुसतो, साबणाने धुतो, परत उचला. हे धरायचंच नाही."

मला ते अगदी पटलं. मीही म्हणाले, "अहो, खरंच. ही काही परीक्षा झाली नाही."

आबांनी मान हलवली. "शब्द नवमीला एकदा उचलायचा होता. धुऊन-पुसून उचलायचा न्हाई."

"पण तेल तुम्हीच लावलंत!"

"मग? दुसऱ्याला लावू दिलं असतं का मी?"

मी तेलाची वाटी उचलून आत नेली.

दसरा झाल्यावर त्यांनी माझ्याकडून जुन्या पट्ट्या मागितल्या. म्हणाले, आणलं तसंच परत जाईल. मी मूठ धरली, त्यांनी डाव्या हाताने स्क्रू फिरवला. बराच वेळ लागला. मग आम्ही पोलीस ठाण्यात गेलो. तसं ते रिव्हॉल्वर तिथे नवखं नव्हतं. निवडणूक आली की दर वेळी जमा व्हायचं आणि नंतर परत यायचं. या वेळी परवानाही बरोबर दिला. तिथला हवालदार मूठ बघून म्हणाला, "काका, काय लाकूड हाय! आता असं मिळत न्हाई." आणि लगेच, "पण तुम्ही रबरी बसवायची होती. हाताला बरी पडली असती." आबांनी माझ्याकडे पाहिलं आणि आम्ही दोघंही हसलो. बाहेर आल्यावर ते म्हणाले, "निवडणूक झाली की आणू," आणि रिक्षाला हात केला.

रबरी मूठ घरात राहिली. फेकून द्यावी तर नवीकोरी. मी ती धुऊन खिडकीत ठेवली होती. काही दिवसांनी पाहते तर आबा टीव्हीपुढे बसून ती उजव्या हातात दाबत होते. दाबायचं, सोडायचं, दाबायचं. मी म्हटलं, "चेंडू तेवढा चालत नव्हता."

"चेंडू लेकरांचा असतो."

व्यायामवाली मुलगी म्हणाली, हाताला फरक पडला आहे. खरंच पडला आहे. ते आता भाकरी उजव्या हाताने मोडतात. परवा पाण्याचा तांब्या उचलला आणि माझ्याकडे असे काही पाहू लागले की मला भीतीच वाटली, आता ते म्हणणार, जमा करायची घाई केली. ते म्हणाले नाहीत. तांब्या मात्र जरा जास्तच वेळ धरून ठेवला.

यंदाची खंडेनवमी कालच झाली. सकाळी पाट मांडताना मी विचारलं, "विळा झाला, तराजू झाला. तुमचं काय ठेवू?" त्यांनी हातातली रबरी मूठ पुढे केली. मी ठेवली. विभूतीचे तीन पट्टे ओढले. या वेळी तेल नव्हतं, तर काळ्यावर ते फळ्यावरच्या खडूसारखे पांढरेशुभ्र उमटले. आरती झाली. त्यांनी मूठ उजव्या हाताने उचलली, उघडून दाखवायला त्यात काही नव्हतं, तरी सगळ्यांना दाखवली आणि परत ठेवली.

संध्याकाळी पाहते तर पाटावर ती जागा रिकामी. आबा टीव्हीपुढे, मूठ हातात, दाबणं चालू.

"अहो, दसऱ्यापर्यंत पूजेतलं उचलू नये ना!"

"हत्यार उचलू नये," ते म्हणाले. "हे औषध हाय."

"मग पूजेत कशाला ठेवलंत?"

त्यांनी दाबणं थांबवलं नाही. तळवा विभूतीने पांढरा झाला होता.

"तू इंग्रजी शिकलेली," ते म्हणाले. "तूच बघ कुठं काही लिहिलंय का."