पदराआडची हमी

आज ऑफिसात कुणीतरी घरून आणलेली तिखटाची पुडी उघडली आणि मला आष्टीतली शोभाताईंची ओसरी आठवली.

सामाजिक गुंतवणूक करणाऱ्या आमच्या फंडात मी तेव्हा नवीन होते. शोभाताईंना मिरची कांडायच्या यंत्रासाठी कर्ज हवं होतं आणि त्याला बचत गटातल्या बायकांची हमी लागणार होती. पाहुण्यांना काम दाखवायचं म्हणून त्या उखळात मिरच्या कुटत होत्या. लाल धूळ उन्हात तरंगत होती. सकाळपासून मी स्वतःहून काहीच बोलले नव्हते; बंगळुरूहून आलेल्या साहेबांचा प्रश्न तेवढा मराठीत सांगितला, "यांची हमी कोण घेणार?"

बायका तोंडाला पदर लावून गप्प बसल्या. शोभाताईंचं मुसळ थांबलं. साहेबांनी फाइल मिटली.

"अवं, तोंड उघडलं की ठसका लागून राह्यला!" एक म्हातारी खोकत म्हणाली. "हात वर करा म्हना की!"

सगळे हात वर गेले. मला हसू आलं, तशी म्हातारी माझ्याकडे वळली. "मॅडम, तुमी तर मिरची नसली तरी बोलत न्हाई."

आता कर्ज मंजूर करणाऱ्या बैठकीत मीही असते. बोलत अजूनही फारशी नाही. हात मात्र वर करते.