गवतकापणीचं यंत्र आणि दोन व्याही

मामंजींनी धार दरबारची नोकरी सोडली तेव्हा त्यांना भांडायला कुणी उरलं नाही, म्हणून त्यांनी गवताशी वैर धरलं. अमझेऱ्याच्या वाटेवर आमची थोडी जमीन होती. चार खोल्यांचं कौलारू घर, मागे आंबे, पुढे सासूबाईंचा शेवंतीचा वाफा, आणि बाकी सगळं कुरण. पाऊस सरला की गवत कमरेला लागे. विहिरीवर जाऊन आलं की लुगड्याचा काठ कुसळांनी भरलेला असायचा आणि ती वेचत आम्ही सासू-सुना ओटीवर बसायचो. साप निघत ते वेगळेच. दसऱ्यानंतर विळेवाले येत, पण तेव्हा सगळ्या मुलखातच कापणी चाललेली. आमची पाळी येईतो अर्धं गवत वाळून आडवं होई.

लग्नानंतरच्या दुसऱ्या का तिसऱ्या वर्षी मामंजींनी जेवताना जाहीर केलं, "विलायती यंत्र आणायचं. गवत कापायचं."

"ते चालवणार कोण?" सासूबाईंनी वाढता वाढता विचारलं.

"यंत्राला काय चालवायचं? ते चालतं."

त्यात माझे वडील देवासहून आले. आम्ही त्यांना दादा म्हणत असू. व्याह्या-व्याह्यांचं मोठं सख्य, आणि एकाही गोष्टीवर एकमत झालेलं मात्र कुणी पाहिलं नव्हतं. देवासला एकाच गावात दोन दरबार, थोरल्या पातीचा आणि धाकट्या पातीचा. त्यावरून मामंजी दादांना छेडत, "तुमच्याकडच्या माणसाला प्रत्येक गोष्टीला दोन मतं लागतात."

"आणि धारला एकच असतं," दादा म्हणत, "तेही चुकीचं."

यंत्राचं निघाल्यावर दादांनी लगेच आपलं मत दिलं. त्यांनी देवासला कुठल्याशा साहेबाच्या बंगल्यात हातानं ढकलायचं यंत्र पाहिलं होतं. एक माणूस ढकलतो, गवत गालिच्यासारखं होतं, दाणावैरणीची कटकट नाही. मामंजींना तर दोन जनावरांचं, रथाएवढं यंत्र हवं होतं. दोन दिवस घरात दुसरा विषय नव्हता. शेवटी हे, म्हणजे माझे यजमान, कधी नव्हे ते बोलले, "न पाहताच भांडताय. महूला छावणीत दुकान आहे, बघून या की."

टांगा जुंपला. घोडी माझ्या माहेरची. दिवाळसणाला दादांनी जावयाला दिलेली. लहानपणी मी तिला गूळ चारलेला, त्यामुळे माझा आवाज ऐकला की ती अजून कान टवकारायची. महूला माझी मावशी होती, म्हणून मलाही न्यायचं ठरलं, आणि त्या दुकानातला तमाशा मला टांग्यात बसून दिसला.

दादांनी ढकलायचं यंत्र हातात घेतलं. दुकानापुढच्या हिरवळीवर ते असं सुरेख फिरलं की दादांची छातीच फुगली. कुंपणाकडेला गुडघाभर गवत वाढलं होतं, तिकडे मामंजींनी फक्त बोट दाखवलं. दादांनी जोर लावला. यंत्र पुढे गेलं, त्याखालून गवत निजलं आणि मागून जसंच्या तसं उठून उभं राहिलं.

"वा!" मामंजी म्हणाले. "गवताला नमस्कार करायला चांगलं शिकवलंत."

मग मामंजींचं मोठं यंत्र. ते इतकं रुंद की आमच्या आंब्यांच्या मधून गेलंच नसतं. हे दादांनी काठीनं मोजून दाखवलं, अगदी आनंदानं. दुकानदार शहाणा असावा. त्यानं दोघांना चहा पाजला आणि तिसरंच यंत्र पुढे केलं. दोन लोखंडी चाकं, बाजूला करवतीसारखी दातेरी पट्टी, ती वर उचलायला एक दांडा, आणि बसायला परातीसारखी भोकाभोकांची बैठक. एका घोड्याचं. आपलं नाही तर नाही, निदान दुसऱ्याचंही नाही, या समाधानात दोघांनी ते पसंत केलं.

पण यंत्र शेतावर आलं आणि मामंजी अडले. "घोडं शेताला लावायचं? उद्या मलाही झाडू द्याल हातात!" त्यांनी सुताराकडून पुढे लांब दांडी बसवून घेतली आणि त्याला बैलजोडी जोडली. दादा मुद्दाम देवासला परत न जाता थांबले होते. शेतावरच्या गड्याला इकडे हाळी म्हणतात. आमचा हाळी बैठकीवर चढला, नारळ फुटला, बैल निघाले.

बैल आमचे गुणी, मालवी, पांढरेशुभ्र, आणि चाल वरातीतल्या नवरदेवासारखी. यंत्र करकरलं. पट्टीचे दाते सावकाश हलत, गवत चघळत आणि चार हातांवर त्यात बोळा अडकून बसे. हाळी उतरायचा, बोळा ओढायचा, पुन्हा चढायचा.

"अपन तो हाथ से ही काट लें, हुजूर?" त्यानं शेवटी अदबीनं विचारलं.

"धार थंड आहे," मामंजी म्हणाले. पट्टीबद्दल. दादांनी ते गावाबद्दल घेतलं आणि मान डोलावली.

तेवढ्यात एका बैलाला गोमाशी चावली. शेपूट वर करून तो उधळला, दुसराही त्याच्या ओढीनं धावला आणि यंत्र खडखडखड करत पार कुंपणापर्यंत गेलं. हाळी बैठकीला मिठी मारून ओरडत होता. सगळे मागे धावलो. हाळी सुखरूप होता. पण मागे वळून बघतो तो यंत्र गेलं होतं तेवढा पट्टा न्हाव्यानं काढल्यासारखा साफ!

"म्हणजे वेग पाहिजे," दादा म्हणाले. "बैलाचा नाही, घोड्याचा."

मामंजींनी वाकून त्या पट्ट्यातले खुंट चाचपले. मग म्हणाले, "नाही तर रोज गोमाशी शोधा."

दुसऱ्या दिवशी दांडी काढून यंत्राबरोबर आलेले मूळचे, टांग्यासारखे दोन दांडे लावले आणि घोडी जोडली. हाळीनं हात जोडले, "म्हारे से नी होयगा." मग दादाच पगडी नीट करून बैठकीवर बसले. घोडी आपल्या घरची, आपलं ऐकेल, हा त्यांचा भरवसा. घोडीनं मात्र मागे चाकं वाजताहेत म्हणजे टांगा, आणि टांगा म्हणजे सडक, असा सरळ अर्थ घेतला. ती फाटकाकडे वळली. वाटेत शेवंतीचा वाफा होता.

"दांडा! व्याहीबुवा, दांडा उचला!" मामंजी ओरडले. दादांनी लगाम उचलला.

शेवंती ऐन भरात होती. आवाज ऐकून सासूबाई बाहेर आल्या तेव्हा अर्धा वाफा आडवा झाला होता आणि दादा त्याच्यामध्ये पगडी सावरत बसले होते. त्यांचं तोंड पाहून मला हसूही येईना. सासूबाईंनी वाकून ओंजळभर फुलं उचलली. "देवाला वाहायचीच होती," त्या म्हणाल्या. "आता एकदमच वाहू."

घोडी थरथरत होती. मी जाऊन तिच्या मानेवरून हात फिरवला, नेहमीसारखं बोलले, तशी ती शांत झाली आणि माझ्यामागे चालू लागली. यंत्र आणि त्यावरचे दादा यांच्यासकट.

"हिलाच बसू द्या त्यावर," सासूबाई म्हणाल्या.

"सून? यंत्रावर?" मामंजी.

"घोडी तिचं ऐकते. तुम्हां दोघांचं कुणी ऐकत नाही, मीसुद्धा. आणि इथं शेतात बघायला आहे कोण?"

मामंजींनी ह्यांच्याकडे पाहिलं. हे म्हणाले, "कासोटा घट्ट खोच म्हणावं."

मी बसले. लगाम हलवून घोडीला हाक दिली, दांडा खाली केला, आणि बाजूनं सर्रर्र असा आवाज सुरू झाला, लुगडं फाडावं तसा. हिरव्या गवताचा वास इतका अंगावर आला की डोळे मिटावेसे वाटले, पण मिटायची सोय नव्हती. एका बाजूनं मामंजी धावत होते, "डावीकडे घे, डावीकडे!" दुसऱ्या बाजूनं दादा, "उजवीकडे!" मी सरळ गेले. पहिल्या वळणाला मोठा झुपका सुटला, दुसऱ्याला आंब्याची एक खालची फांदी डोक्यात बसली. तिसऱ्यापासून जमायला लागलं. धापा टाकत दोघे व्याही आंब्याखाली बसले आणि कुठल्या वळणाला कुणाची सूचना बरोबर होती यावर त्यांचं पुन्हा जुंपलं.

त्या वर्षी आमचं कुरण सगळ्या वाटेवर सर्वांत आधी कापून झालं. गवताच्या गंजी रचल्या. धारला कुणी विचारलं की मामंजी आधी सांगत, "घरचंच एक माणूस आहे, चालवतं." पुढे धीर आल्यावर म्हणू लागले, "सून चालवते. मी शिकवलं." देवासला दादाही तेच सांगत होते, असं मला नंतर भावाकडून कळलं.

कापणीच्या शेवटच्या सकाळी पुरुष मंडळी गंजींकडे होती. विहिरीजवळचा एक तुकडा राहिला होता. सासूबाई पाणी घ्यायला आल्या, घागर काठावर ठेवली आणि यंत्राभोवती एक फेरी मारली. बैठकीवर हात ठेवून पाहिला.

"हे टोचत नाही का गं?"

"नाही. गार लागतं थोडं."

त्यांनी घराकडे एकदा पाहिलं, गंजींकडे एकदा. "घोडी धर," म्हणाल्या.

त्या चढून बसल्या, मी पट्टीचा दांडा खाली केला आणि लगाम धरून पुढे चालले. मागे पट्टीचा आवाज. तुकड्याच्या टोकाला पोहोचून वळून पाहिलं तर त्या ताठ बसल्या होत्या, दोन्ही हात मांडीवर, पदर डोक्यावरून सरकलेला, आणि तो सावरायचं त्यांच्या लक्षातही नव्हतं.

"थांबलीस का?" त्या म्हणाल्या. "त्या बाजूचं कोण कापणार?"