सिंगापूरला, पण कशाला?

किस्से गोळा करायला कुठं जावं लागत नाही. चाळिशी ओलांडलेल्या बाईनं फक्त एवढंच म्हणायचं, की मी पाच दिवस एकटी परदेशी फिरायला चालले आहे, आणि गप्प बसायचं. पुढचं सगळं लोक करतात. मला रोज चार ओळी लिहून ठेवायची सवय आहे. त्या दिवसांत चार ओळींत भागेना.

नव्वदीनंतरची ती वर्षं. हैदराबादेत घरोघर केबल आली होती आणि आमच्या नल्लकुंट्यातल्या निम्म्या मराठी घरांतली मुलं कॉम्प्युटर शिकून अमेरिकेला निघाली होती. मागोमाग त्यांच्या आयाही जायच्या, पण त्याला कारण असायचं. सुनेचं नाहीतर लेकीचं बाळंतपण. डिंकाचे लाडू आणि बाळंतविडा घेऊन बाई विमानात बसली की तिला कोणी काही विचारत नसे.

माझ्याकडे बाळंतपण नव्हतं. पगार होता, साठलेली रजा होती, आणि एकदा तरी कुणाचाही डबा न भरता प्रवास करावा अशी इच्छा होती. मुलाचं लग्न पुढच्या वर्षी ठरलं होतं. मग सून, मग नातवंडं. आत्ता गेले नाही तर जाणं होणार नाही, हे मला स्वच्छ दिसत होतं.

*

मी सरकारी कचेरीत. परदेशी जायचं तर खात्याची परवानगी लागते. अर्जात 'जाण्याचा उद्देश' असा रकाना होता. मी लिहिलं, 'पाहणे'.

मूर्तीसाहेबांकडून, म्हणजे आमच्या वरिष्ठांकडून, कागद परत आला. शेरा होता, 'कोणाला?'

मी लिहिलं, 'सिंगापूर'.

कागद पुन्हा परत. 'तिथे कोण आहे?'

'कोणी नाही' असं लिहून मी तो स्वतःच नेऊन दिला. साहेबांनी चष्मा काढला. "मॅडम, कोणी नाही, तर तुम्ही येणार म्हणून कळवायचं कोणाला?"

*

मग पासपोर्टच्या चौकशीला एक हवालदार घरी आला. भला माणूस. चहा घेतला, पंख्याखाली बसला आणि वही उघडली.

"किसके साथ जारे, अम्मा?"

"अकेली."

"वो समझा. साथ में कौन?"

"कोई नहीं."

त्यानं मान खाली घातली आणि आवाज मऊ केला. "साब गुजर के कित्ते दिन हुए?"

साब समोरच्याच खुर्चीत पेपर वाचत होते. त्यांनी पेपर खाली घेतला. "मैं हूँ."

हवालदारानं त्यांना नीट पाहून घेतलं. "ये जारे बोलके आपकू मालूम है?"

"मालूम है."

"और आप?"

"मैं इधरिच."

त्यानं वहीचं नवं पान काढलं. "साब, आपका पूरा नाम बोलो."

*

सिकंदराबादच्या एका एजंटाकडे नाव नोंदवायला गेले. त्याच्याकडे जोडप्यांचं पॅकेज होतं, कुटुंबाचं होतं, हनिमूनचं होतं. एकटीचं नव्हतं. दुसरी कोणी एकटी असेल तर दोघींना एक खोली देऊ, असं तो म्हणाला. तशी एक शेजारीच बसली होती. बेगम बाजारातल्या एका दुकानदाराची बायको. ती वर्षातून दोनतीनदा जायची, जाताना रिकाम्या सुटकेसा, येताना भरलेल्या. तिनं मला लगेच आपल्यात घेतलं.

"पहली बार? कस्टमवाले के सामने हँसने का नहीं. हँसे तो खोलते."

मी म्हटलं, माझ्याकडे खोलण्यासारखं काही नसेल.

"क्या लाने का है? कॅमेरा? सेंट?"

"कुछ नहीं. देखने जा रही हूँ."

"देख के?"

"वापस आऊँगी."

तिनं आपली खुर्ची हळूच पलीकडे सरकवली आणि एजंटाकडे वाकून, मला ऐकू येईल अशा बेतानं म्हणाली, "इसकू मेरे कमरे में नक्को डालो. कुछ नहीं लाती बोलती. ये कस्टम कीच होगी."

शेवटी एजंटानं जास्त भाडं लावून मला वेगळी खोली दिली. वर बजावलं, की ऑफिसची परवानगी पुढच्या सोमवारपर्यंत आली नाही तर ही जागा दुसऱ्याला जाईल. परवानगीचा कागद अजून मूर्तीसाहेबांच्या टेबलावरच होता.

*

आमच्या भजनी मंडळानं तोवर वेगळाच निष्कर्ष काढला होता. मला वाटलं, हळूहळू सांगू. पण त्या शनिवारी मी गेले तर सगळ्याजणी उठून उभ्या राहिल्या आणि मला भिंतीला टेकून बसायची जागा दिली. मंडळाच्या प्रमुख विमलकाकू. त्यांनी माझा हात हातात घेतला.

"डॉक्टर काय म्हणाले गं?"

"कुठले डॉक्टर?"

"असू दे, नको सांगूस. तिकडची हॉस्पिटलं चांगली असतात म्हणे." मग कानाशी येऊन, "गाठ आहे का?"

मी परोपरीनं सांगितलं. जितकं सांगत होते तितके त्यांचे डोळे भरून येत होते. त्या दिवशी अभंग बाजूला ठेवून मला आराम पडावा म्हणून रामरक्षा झाली. मीही म्हटली. निघताना काकूंनी मऊ भात, मेतकूट आणि तुपाची वाटी असा डबा हातात दिला. पुढचे काही दिवस असे डबे येत राहिले. खोटं कशाला बोलू, आमच्या घरी स्वयंपाकाची बरीच सोय झाली.

एके दिवशी काकू स्वतः डबा घेऊन आल्या, तर मी स्टुलावर चढून माळ्यावरची ट्रंक उतरवत होते. त्या दारातच थांबल्या.

"तुला खरंच काही झालेलं नाही?"

"नाही हो काकू."

"मग जातेस कशाला?" त्यांनी हातातल्या डब्याकडे पाहिलं. "हा राहू दे माझ्याकडे. आमच्या शेजारच्यांना ताप आहे."

*

लोकांचा संशय एकदा घरात शिरला की तो घरच्यांनाही लागतो. मला वाटायला लागलं, आमचे हे एकदम 'जा' कसे म्हणाले? यांना विमानाची भीती, ते येणार नाहीत हे ठाऊक होतं. पण उत्साह भलताच. चाकांची बॅग आणली, तिला कुलूप आणलं, विमानतळावर सोडायला रिक्षाही ठरवून टाकली. दाढी करताना शीळ वाजायला लागली.

एका दुपारी मी विचारलंच. "मी नसताना तुम्हाला नक्की करायचंय काय?"

ते गोंधळले. पकडले गेल्यासारखे बघत राहिले.

"खरं सांगा."

"रेडिओ मोठ्यानं लावायचाय."

"आणि?"

"भजी तळायचीत. माझी मी. तू शेजारी उभी राहून तेल किती घेतलं ते बघतेस."

मी थोडा वेळ वाट पाहिली. आणखी काही नव्हतं.

*

आता मूर्तीसाहेबांचं. शुक्रवार उजाडला तरी सही नव्हती. एजंटानं दिलेला सोमवार तोंडावर आला होता. साहेबांनी मला बोलावून घेतलं. यजमानांची संमती मी आधीच दिली होती, पण त्यांचं समाधान नव्हतं. नवरे काय, कशालाही सही करतात, असं त्यांचं मत.

"घरात मोठं कोण आहे?"

"सासूबाई."

"त्यांना घेऊन या. त्यांना विचारतो आणि निर्णय देतो."

मी घरी आले ती पाय ओढत. सासूबाई मूळच्या नांदेडकडच्या. लग्न होऊन हैदराबादेत आल्या त्या इथल्याच झाल्या. बाजारात त्यांची दखनी ऐकून भाजीवाले भाव खाली आणायचे. माझ्या सिंगापूरबद्दल त्या पहिल्या दिवसापासून एक अक्षर बोलल्या नव्हत्या. जपमाळ ओढत माझ्याकडे बघायच्या, बस. मोडता घालायचा तर तो त्याच घालणार, हे मी धरूनच चालले होते. यांना म्हटलं, तुम्ही बोला. हे म्हणाले, "आईला तूच सांग." मग मीच सांगितलं.

"किती वाजता?" एवढंच त्यांनी विचारलं.

सोमवारी सकाळीच नऊवारी नेसून, काखेत पिशवी घेऊन त्या साहेबांच्या खोलीत आल्या. साहेब उठून उभे राहिले, खुर्ची दिली, पाणी मागवलं. मी दाराशी उभी.

"अम्मा, आपकी बहू अकेली सिंगापूर जाना चाहती है. क्यों जा रही है, आपको मालूम है?"

"नई मालूम."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. झालं, आटोपलं, असं मला वाटलं.

"आपने पूछा नहीं?"

"मैं काहेकू पूछूँ?" सासूबाईंनी पाण्याचा ग्लास खाली ठेवला. "साब, इत्ते साल से ये सबके डिब्बे भर के रोज इधर आरी. क्यों आरी बोलके आप कभी पूछे क्या?"

साहेबांनी टेबलावरच्या ढिगातून माझा कागद काढला, पुन्हा एकदा वरपासून खालपर्यंत वाचला आणि सही केली. मी पुढं होऊन तो घेतला.

सासूबाई उठल्या नाहीत.

"और कुछ, अम्मा?"

"एक पूछना था. पासपोर्टकू पदर लेके फोटू चलता क्या?"

साहेब गडबडले. "नहीं अम्मा. चेहरा पूरा दिखना, कान भी दिखना."

"अच्छा." त्या उठल्या, पिशवी काखेत मारली आणि दाराशी येऊन मला म्हणाल्या, "चल गं. वाटेत फोटोवाला कुठं आहे?"