मोत्याच्या अंगावर पित्त कशाने उठलं?

कॉलनीकरांनो, हा कागद फलकावर मुद्दाम लावतोय.

आज सकाळी आपल्या मोत्याचं तोंड सुजलं आणि अंगभर गांधी उठल्या. शेजारचे तात्या काठी घेऊनच आले.

"पिसाळलाय तो. लांब हो रे."

"तात्या, पाणी पितोय तो," म्हणत मी मध्ये उभा राहिलो.

आईने त्याला आमसुलाचं पाणी चोळलं, मग मी गुरांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी इंजेक्शन दिलं.

"पित्त आहे. गांधीलमाशी चावली असेल, गोचिडांची पावडर लागली असेल, नाहीतर खाण्यातलं काही. पुन्हा तेच झालं तर घसा सुजून श्वास अडकेल."

मोत्या दारोदार जेवतो. काल तुमच्या दारात त्याने काय खाल्लं, तेवढं याखाली लिहा. कोळंबीची सालंसुद्धा. कोणावर रागावणार नाही.

तोवर तो आमच्या ओटीवर बांधलेला आहे. त्याला काही घालू नका, तात्या, तुम्हीही.