शेवग्याचे बारा शेंडे

एम.एस्सी.ला असताना मला शेवग्याचं झाड दुप्पट करायचं होतं. उंचीनं नव्हे, आतून. शेवग्याच्या पेशीत गुणसूत्रांचे दोन संच असतात, ते मला चार करायचे होते. सरांनी खरं तर साधा, सभ्य विषय सुचवला होता: सोलापूरच्या आसपासच्या बोरींच्या पानांची मापं घ्या. मी मान डोलावली आणि मनात म्हटलं, मापंच घ्यायची तर एखादा शिंपी बसवा की.

दुप्पट होण्याचा हा उद्योग झाडांनी माझ्या फार आधी केलेला आहे. पेशी दुभंगण्याआधी सगळ्या गुणसूत्रांची नक्कल काढते आणि मग दोन्ही प्रती दोन पेशींत वाटून देते. क्वचित असं होतं की नक्कल निघते, पण वाटणी होतच नाही. दोन्ही प्रती एकाच घरात राहतात. फुलं येणाऱ्या सगळ्या झाडांच्या पूर्वजांत हे घडून गेलंय, काही घराण्यांत तर पुन्हा पुन्हा. आपली बागेतली बोर आजही चार संच बाळगून उभी आहे.

माझे वडील कारकून. घरातल्या प्रत्येक कागदाच्या दोन झेरॉक्स काढून ठेवायच्या, हा त्यांचा धर्म, त्यामुळे पुढचा भाग मला चटकन कळला. एक प्रत रोजच्या कामाला, दुसरी रिकामी. रिकामीत खाडाखोड झाली तरी झाडाचं काही अडत नाही. बहुतेक रिकाम्या प्रती हळूहळू निकामी होतात, गळून जातात. पण एखादी खाडाखोड होता होता भलतंच काम शिकते: फुलाला नवा रंग, नवा वास, पाण्यावाचून तग धरायची नवी युक्ती. घरात रिकामी बसून खोड्या काढणारी मी एकटीच, असं आईचं मत होतं. सबंध उत्क्रांती माझ्या बाजूची निघाली, याचा मला फार आनंद झाला.

निसर्गाला या कामाला युगं लागतात. मला प्रोजेक्ट महिन्याभरात द्यायचं होतं. वाटणी रोखणारं एक औषध असतं, कळलावीच्या कंदात सापडतं तेच. त्याचं पातळ केलेलं द्रावण प्रयोगशाळेच्या कपाटात होतं. सरांना न विचारता ती बाटली मी पर्समध्ये टाकली आणि जेऊरजवळ मावशीकडे गेले.

मावशी म्हणजे आईची थोरली बहीण. एकटी राहायची, दोन एकर रान आणि चार शेळ्या सांभाळायची. माझ्या सांगण्यावरून तिनं अंगणाच्या कडेला बारा शेवगे लावले होते आणि ते गुडघ्याच्या वर आले होते. मी प्रत्येक शेंड्यावर कापसाचा बोळा बसवला आणि ड्रॉपरनं थेंब सोडायला लागले.

"ह्ये काय लावतीस ग?" मावशीनं विचारलं.

कळलावी तिच्या बांधावरच उगवायची. ती किती विषारी असते हे तिला माझ्या सरांपेक्षा चांगलं माहीत होतं. मी म्हटलं, "टॉनिक आहे."

"म्हंजी शेंगा डबल येत्याल?"

"हो," मी म्हटलं. याची खात्री जगात कुणालाच नव्हती, पण दोन थापा एकीच्याच भावात गेल्या.

तीन सकाळी मी थेंब सोडले. तिसऱ्या दिवशी थेंब सोडून झाल्यावर टेंभुर्णीला मैत्रिणीकडे गेले आणि दुपारी चारला परतले. अंगणात पाहते तर बाराच्या बारा शेवगे बोडके. एकालाही शेंडा नाही.

मावशी खुशीत होती. "शेंडं खुडलं मी. गुडघ्याच्या वर आला शेवगा, आता शेंडा नगं का खुडाय? न्हायतर सरळ माडावानी जातोय आन् शेंगा काडाय शिडी लागती. तुमच्या कालेजात शिकवत न्हाईत व्हय?"

खरंच शिकवत नाहीत. आमच्या भागातल्या कुठल्याही बाईला माहीत असलेली ही गोष्ट दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात कुठंच नव्हती.

"आणि शेंडे?"

"बोळं काडून टाकलं आन् शेंडं बांडीला घातलं. लई आवडीनं खाल्ली बग."

बांडी ही तिची सगळ्यात लाडकी, पांढऱ्या ठिपक्यांची दुभती शेळी. मी बांडीजवळ जाऊन उभी राहिले. ती नेहमीसारखी दिसत होती. तिनं माझी ओढणीही चघळली. मी स्वतःला सांगितलं, थेंबच तर होते, काही होत नाही, उगाच कशाला बोलायचं. मला दुसऱ्यांना थापा मारता येतात तशा स्वतःलाही मारता येतात.

तेवढ्यात मावशी तांब्या घेऊन आली. चहापुरतं दूध ती त्या त्या वेळी काढायची, आणि काढायची बांडीचंच. चहा झाला. दोन कप. एक तिनं माझ्या हातात दिला, दुसरा फुंकर घालून ओठांशी नेला.

"पिऊ नको!" मी ओरडले. "ते टॉनिक नव्हतं. कळलावीचं होतं."

मावशीनं कप खाली ठेवला. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. उठली, पातेल्यातलं दूध उकिरड्यावर ओतलं, फोन काढला आणि जनावरांच्या डॉक्टरांना बोलावलं.

डॉक्टरांनी मला थेंबांचा हिशोब विचारला. बारा शेंडे, तीन दिवस, रोज इतके थेंब. माझ्या उभ्या शिक्षणात मी इतकं खरं उत्तर कधी दिलं नव्हतं. ते म्हणाले, कमी गेलंय, पण लक्ष ठेवा, दूध अजिबात वापरू नका.

दुसऱ्या दिवशी बांडीला हगवण लागली. तिनं चारा सोडला, डोळे मिटून भिंतीला टेकून बसली. मी गोठा झाडला, डॉक्टरांनी सांगितलेलं औषध पाजलं, तिच्या तोंडाशी पाणी धरलं. मावशी माझ्याशी कामापुरतं बोलत होती. तिनं शिव्या घातल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. शेळी मेली तर या घरात पुन्हा कोणत्या तोंडानं येणार, हा एकच विचार माझ्या डोक्यात होता.

आजारपणाच्या चौथ्या दिवशी सकाळी बांडीनं माझ्या हातातला सुबाभळीचा डहाळा हुंगला, एक पान तोडलं, मग दुसरं. मी तिथंच गोठ्यात बसून रडायला लागले. मावशी शेजारी येऊन बसली.

"इख हाय म्हनली असतीस," ती म्हणाली, "तर मी काट्याचं कुंपण घातलं असतं की. शेंड्यास्नी हात लावला नसता. तुला कवा कशाला न्हाय म्हनलेय मी?"

कधीच नव्हती म्हणाली. हे मला बाटली उघडण्याआधीही माहीत होतं.